रविवारचं पित्त आणि कॉफीचा हिशोब

रविवारी सकाळी अकराच्या पुढं मेडिकलवर एक ठरलेलं गिऱ्हाईक येतं. माणूस दर वेळी वेगळा, तक्रार मात्र तीच. "पित्त झालंय, डोकं लई जड झालंय, काहीतरी द्या की." मी आता गोळी काढायच्या आधी विचारतो, सकाळपासून चहा-कॉफी काय झालं का, तर बऱ्याच जणांचं उत्तर असतं, नाही ओ, आज उशिरा उठलो, आत्ताच आंघोळ करून आलोय. रोज किती वाजता घेता? साडेसातला. झालं, पित्त तिथंच सापडलं.

खरं तर हे मला आधीच कळायला पाहिजे होतं, कारण दोन वर्षं मी स्वतः ह्याच पित्ताला अँटासिड पाजत होतो. माझी सुट्टी एक रविवार आड असते. दुकानाच्या रविवारी डोकं ठणठणीत, सुट्टीच्या रविवारी बारा वाजले की कपाळ जड, डोळ्यांच्या मागं ठणका, चिडचिड, कुणाशी बोलू नये असं वाटायचं. बायको म्हणायची शनिवारी रात्री पार्कात जाऊन खाता ते बाधतंय, आई म्हणायची ऊन लागतंय (सोलापुरात कशालाही ऊन लागलंय म्हटलं की खपतं), आणि मी रोज लोकांना औषधं देणारा माणूस गपचूप ते गुलाबी औषध प्यायचो. मग एका सुट्टीच्या रविवारी पाव्हणे लवकर आले, आठलाच सगळ्यांबरोबर कॉफी झाली, आणि त्या दिवशी डोकं दुखलंच नाही. तेव्हा ट्यूब पेटली.

म्हणून हे लिहायलोय. कॉफी सोडा असं सांगायला नाही, मी स्वतः पितो. पण रोज पीत असाल तर डोक्यात काय चालतं, किती वाजता किती घ्यावी आणि कुठल्या गोळीसोबत घेऊ नये एवढं माहीत असावं.

डोक्यात काय होतं

दिवसभर मेंदू काम करतो त्यात जी ऊर्जा जळते त्यातनं ॲडिनोसिन नावाचं रसायन तयार होत राहतं. जागं राहाल तसं ते साचत जातं, आणि मेंदूतल्या ठराविक जागांवर, म्हणजे रिसेप्टरवर, जाऊन बसलं की पेंग यायला लागते. झोपलात की ते उतरतं. आता सोलापूर स्टँडवर पंढरपूरची गाडी लागताना बघा. गाडी नीट थांबलेली पण नसते आणि लोक खिडकीतनं रुमाल टाकून जागा धरतात. चहा-कॉफीतलं कॅफीन म्हणजे तो रुमाल. त्याचा आकार ॲडिनोसिनशी इतका मिळताजुळता की ते त्याच सीटवर जाऊन पडतं, पण झोपेचा सिग्नल देत नाही, नुसती जागा अडवून ठेवतं. ॲडिनोसिन बिचारं उभं. तुम्हाला वाटतं तरतरी आली, पण गर्दी काय कमी झालेली नसते, ती दारात वाढतच असते, आणि चार-पाच तासांनी रुमाल उचलले गेले की सगळे एकदम बसतात. दुपारी तीनला जे एकदम गळल्यासारखं होतं त्यात ह्याचा चांगला हात असतो.

डोपामिनचं, म्हणजे मेंदूतल्या हुरूप-आनंदाच्या रसायनाचं, पण लोक विचारतात, कॉफीनं डोपामिन वाढतं म्हणे, मग ती पण नशाच की. तसं सरळ नाहीये ते. मेंदूच्या एका भागात ॲडिनोसिनची ए-टू-ए नावाची सीट आणि डोपामिनची डी-टू नावाची सीट एकाच पेशीवर शेजारी शेजारी असतात, आणि ॲडिनोसिन बसलं की शेजारच्या डोपामिनचा आवाज दबतो. कॅफीननं ॲडिनोसिनला उठवलं की तोच आवाज जरा मोठा ऐकू येतो. म्हणजे कडक ड्रग्जसारखा डोपामिनचा पूर येत नाही, ब्रेक थोडा सैल होतो. काम करावंसं वाटतं, मूड बरा होतो, तो त्यामुळं. ॲडिनोसिनच्या ह्याच ए-टू-ए सीटवर काम करणारं इस्ट्राडेफिलीन नावाचं औषध पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) पेशंटसाठी २०१९ साली अमेरिकेत मंजूर पण झालंय. आणि अजून एक, कमी दिवसांच्या बाळांना श्वास घ्यायचा विसर पडतो तेव्हा एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, त्यांना जे देतात ते कॅफीनच असतं, कॅफीन सायट्रेट. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला पण खरं वाटलं नव्हतं.

आता रोज पिणाऱ्याची गोष्ट. रोज सगळ्या सीटवर रुमाल पडायला लागले की मेंदू काय गप बसत नाही, तो जादा सीट बसवून घेतो, म्हणजे रिसेप्टर वाढवतो. म्हणून सुरुवातीला एका कपात जी किक यायची ती महिन्याभरानं दोन कपात पण येत नाही. आणि ज्या दिवशी कॉफी चुकते त्या दिवशी सीट जास्त, रुमाल एकही नाही, ॲडिनोसिन ऐसपैस बसतं. ॲडिनोसिननं मेंदूतल्या रक्तवाहिन्या सैल होतात, कॅफीन त्यांना आवळून धरत असतं, ते सुटलं की रक्ताचा ओघ वाढतो आणि डोकं ठणकतं. शेवटच्या कपानंतर साधारण १२ ते २४ तासांत हे सुरू होतं. शनिवारी संध्याकाळी पाचला शेवटची कॉफी आणि रविवारी दुपारी बारा, मोजा की किती तास झाले ते. अमेरिकेतल्या मानसोपचाराच्या डॉक्टरांच्या यादीत २०१३ पासून ह्याला रीतसर नाव आहे, कॅफीन विड्रॉल. आपल्याकडं त्याचं नाव पित्त.

एकादशीचं पण तेच. आषाढीला उपास म्हणून कॉफी पण बंद करणारे असतात, संध्याकाळपर्यंत डोकं धरून बसतात आणि म्हणतात उपासानं पित्त खवळलं. खरंच पित्त असू शकतं, नाही असं नाही, उपाशी पोटी आम्लपित्त होतंच. पण मळमळ-जळजळ कमी आणि नुसता ठणका जास्त असेल, आणि अर्धा कप कॉफीनं अर्ध्या-पाऊण तासात बरं वाटत असेल, तर काय ते समजा.

आधी मोजा

एक आठवडा वहीत लिहा, काय घेतलं, किती वाजता. हे कंटाळवाणं आहे पण ह्याशिवाय पुढचं सगळं हवेत आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या आहार मार्गदर्शनात दिलेले आकडे सोपे आहेत, १५० मिलीच्या कपात फिल्टर किंवा उकळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलीग्रॅम कॅफीन, इन्स्टंटमध्ये ५० ते ६५, चहात ३० ते ६५. दिवसाची मर्यादा ३०० मिलीग्रॅम सांगितलीय. युरोपवाले निरोगी मोठ्या माणसाला ४०० पर्यंत चालवून घेतात. गरोदर बाईला २०० च्या आत, आणि मी तर म्हणीन त्याच्या पण बऱ्याच आत, कारण कॅफीन बाळापर्यंत पोचतं.

मोजताना लोक दोन ठिकाणी फसतात. एक म्हणजे चहा धरतच नाहीत. "मी दोनच कप कॉफी घेतो" म्हणणारा माणूस दुकानात बसून दिवसभरात पाच कटिंग मारतो ते कुठं गेले? आणि दुसरं पाकीट वाचत नाहीत. बरीचशी इन्स्टंट पावडर ही कॉफी आणि चिकोरीचं (भाजून दळलेलं एक मूळ) मिश्रण असते, पाकिटावर कॉफी किती टक्के, चिकोरी किती टक्के हे छापलेलं असतं. चिकोरीत कॅफीन नसतं. त्यामुळं मिश्रणावरनं एकदम निव्वळ कॉफीच्या पावडरवर गेलात आणि चमचा तोच ठेवलात तर रात्री छताकडं बघत पडणार. माझं झालंय तसं, भाच्यानं पुण्याहून भारीतली बाटली आणली होती आणि मी आपला रोजचा भरलेला चमचा.

एनर्जी ड्रिंक पण धरा. त्यात लिटरला ३०० मिलीग्रॅमपर्यंत कॅफीन चालतं, म्हणजे २५० मिलीच्या कॅनमध्ये ७५ पर्यंत, वर साखर. परीक्षेच्या दिवसांत पोरं एकामागं एक दोन रिचवतात, वर कॉफी.

घड्याळ

कॅफीन पोटातनं रक्तात यायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि रक्तातलं निम्मं व्हायला सरासरी पाच तास. सरासरी म्हणतोय, कुणाला तीन, कुणाला सात. संध्याकाळी पाचला ८० मिलीग्रॅमची कॉफी घेतली तर रात्री दहाला ४० शिल्लक, पहाटे तीनला पण २०. २०१३ साली छापून आलेल्या एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलीग्रॅम दिलं तरी लोकांची झोप तासाभरापेक्षा जास्त कमी झाली होती, आणि गंमत म्हणजे स्वतःला तेवढं जाणवत पण नाही. "मला काय होत नाही, मी कॉफी पिऊन पण झोपतो" म्हणणारे काका असतात ना, लागते त्यांना झोप, पण हलकी लागते, सकाळी अंग जड, मग अजून एक कप. अकराला झोपत असाल तर दुपारी दोननंतर बंद, जमत नसेल तर तीन. उन्हाळ्यात ४३ डिग्रीत दुपारी दुकानात डोळे मिटायला लागतात हे मला माहितीये. तेव्हा एक आयडिया, दोन वाजता अर्धा कप घ्यायचा आणि लगेच वीस मिनिटं आडवं व्हायचं. उठेपर्यंत कॅफीन पोचलेलं असतं आणि झोपेनं थोडं ॲडिनोसिन उतरलेलं असतं. वामकुक्षीला सोलापुरात कोण नावं ठेवणार नाही.

कशासोबत काय चालत नाही

हे नीट वाचा, कारण दुकानात बसून मला सगळ्यात जास्त हेच दिसतं.

थायरॉईडची गोळी. एक वहिनी येतात, दर महिन्याला लिव्होथायरॉक्सिन नेतात. एकदा वैतागून म्हणाल्या, "अण्णा, परत पॉवर वाढवली बघा, टीएसएच काय खाली यायलाच तयार नाही."

"गोळी किती वाजता घेता वहिनी?"

"सकाळी उठल्या उठल्या, उपाशी पोटीच की."

"आणि कशासोबत?"

"कॉफीसोबत. कडू लागते ओ नुसती."

टीएसएच म्हणजे थायरॉईडच्या रक्ततपासणीतला आकडा, गोळी लागू पडली की तो खाली येतो. पण कॉफीनं ही गोळी आतड्यातनं नीट शोषलीच जात नाही. साध्या पाण्यासोबत घ्यायची, नंतर किमान अर्धा तास, जमलं तर तासभर कॉफी नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर ती चार तास लांब. वहिनींना म्हटलं हे डॉक्टरांना जाऊन सांगा, कारण आता गोळी नीट लागू पडायला लागली तर डोस परत बघावा लागेल, मनानं कमी-जास्त करू नका.

लोहाची गोळी. चहा-कॉफीतले घटक लोहाला धरून ठेवतात, अंगी लागू देत नाहीत, चहा तर कॉफीपेक्षा जास्त. रक्त कमी असलेल्या पोरी-बायका गोळी घेतात आणि वर लगेच कॉफी, मग सहा महिन्यांनी हिमोग्लोबिन तिथंच. जेवणाच्या आणि गोळीच्या आधी तासभर, नंतर तासभर लांब ठेवा, गोळी लिंबूपाण्यासोबत घ्या. हाडांसाठी आठवड्यातनं एकदा घेतात ती अलेंड्रोनेट पण साध्या पाण्यासोबतच, कॉफीसोबत घेतली तर निम्मीअधिक वाया जाते.

आता दुसरा प्रकार, औषधामुळं कॅफीनच अंगात अडकून राहतं. लिव्हरमधलं सीवायपी-वन-ए-टू नावाचं एक एन्झाइम कॅफीन मोडतं. काही औषधं ह्या एन्झाइमला बसवून ठेवतात, मग तुमचा नेहमीचा एक कप दोन-तीन कपांसारखा लागतो, धडधड, हात थरथर, झोप गायब. सिप्रोफ्लोक्सासिन हे त्यातलं रोजचं औषध, जुलाबाला, लघवीच्या इन्फेक्शनला देतात. कोर्स चालू आहे तोवर कॉफी निम्म्यावर आणा. गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्या तर कॅफीन जवळजवळ दुप्पट वेळ राहतं, आणि गरोदरपणात शेवटच्या महिन्यांत तर त्याहून जास्त. डिप्रेशनला आणि ओसीडीला (तेच विचार, त्याच कृती परत परत होतात तो आजार) देतात त्यातलं फ्लुवॉक्सामिन तर फारच जोरात अडवतं. दम्याचं थिओफिलिन हे कॅफीनचं सख्खं भावंड, दोघं मिळून छाती धडधडवतात. मूडच्या आजाराला देतात ते लिथियम चालू असेल तर उलटी भानगड, कॉफीनं लिथियम लघवीवाटे जास्त जातं, आणि कॉफी एकदम सोडली की रक्तातलं लिथियम वाढतं, ते धोक्याचं. स्किझोफ्रेनियासाठी क्लोझापिन घेणाऱ्यांनी पण कॉफी अचानक वाढवू-कमी करू नये, डॉक्टरांना सांगूनच.

बिडी-सिगरेट. हे कुणी सांगतच नाही. तंबाखूच्या धुरातल्या घटकांनी तेच लिव्हरमधलं एन्झाइम जोरात पळायला लागतं, म्हणून ओढणाऱ्यांचं कॅफीन जवळजवळ दुप्पट वेगानं जातं आणि ते जास्त कप पचवतात. आमच्या ओळखीचे एक अण्णा, पूर्व भागात कारखान्यात यंत्रमागावर, दिवसाला दीड कट्टा बिडी. डॉक्टरनं दम भरला आणि एका दिवसात सोडली, मानलं पाहिजे माणसाला. आठवड्यानं दुकानात आले तर डोळे लाल. "रात्रभर झोप नाही बे, छाती धडधड करायलीय, बिडीच परत सुरू करतो, हे काय जमंना." विचारलं कॉफी किती? पाच कप, पहिल्यासारखीच. आता बिडी सुटल्यावर चार-पाच दिवसांत ते एन्झाइम थंड होतं, म्हणजे त्यांचे पाच कप आता दहाचं काम करायला लागले होते, आणि अण्णा सगळं खापर बिडी सोडण्यावर फोडत होते. कॉफी दोन कपांवर आणली, दुपारनंतर बंद, आठवड्यात झोप लागायला लागली. बिडी सुटायचा त्रास वेगळा असतोच, पण त्यातला निम्मा कॉफीचा होता. बिडी-सिगरेट सोडताय तर त्याच दिवसापासून कॉफी निम्मी करा. आणि हे फक्त धुराचं आहे, मावा-गुटखा चघळणाऱ्याला लागू नाही (गुटख्याला राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी, जाऊ दे).

दारू. हुरड्याच्या दिवसांत शेतावर पार्टी होते, रात्री एकाला कडक कॉफी पाजतात आणि म्हणतात झाला आता फ्रेश, चालव गाडी. कॉफीनं दारू उतरत नाही. लिव्हर आपल्याच वेगानं दारू मोडतं, कॉफी फक्त पेंग झाकते, म्हणजे आधी झोपलेला दारुडा होता, आता जागा दारुडा झाला आणि त्याला वाटतंय आपण शुद्धीत आहोत. पुणे हायवेवर हे फार महागात पडतं. दारूत एनर्जी ड्रिंक मिसळायचं पण हेच, कळत नाही म्हणून जास्त पितात.

डोकेदुखीच्या आणि सर्दीच्या गोळ्या. सॅरिडॉनच्या एका गोळीत ५० मिलीग्रॅम कॅफीन असतं, सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पण असतं. कॅफीननं वेदनाशामक जोर धरतं म्हणून घालतात, त्यात चूक काही नाही. पण रविवारच्या विड्रॉलवर ती गोळी घेतली तर बरं वाटतं ते बरचसं त्यातल्या कॅफीननं, आणि माणूस म्हणतो हीच गोळी मला लागू पडते. मग आठवड्यातनं तीन-चार वेळा, मग रोज, आणि मग गोळीमुळंच डोकं दुखायला लागतं. असं नेणारे दिसले की मी टोकतो, काही जण रागावून दुसऱ्या दुकानात जातात, जाऊ देत.

जायफळ राहिलं. आपल्या घरची कॉफी जायफळाशिवाय होत नाही आणि चिमूटभर किसानं काही बिघडत नाही, वास भारी येतो. पण झोप लागावी म्हणून अर्धं-अख्खं जायफळ किसून घालायचा प्रकार काही जण करतात, तो करू नका, पाच ग्रॅमच्या पुढं ते विषारी होऊ शकतं, भ्रम होतात, छाती धडधडते.

बीपी मोजायच्या आधी अर्धा तास कॉफी नको. आणि हृदयाची ॲडिनोसिन देऊन करतात ती स्ट्रेस टेस्ट असेल तर हॉस्पिटलवाले आदल्या दिवसापासून चहा-कॉफी बंद सांगतात ते पाळाच, कारण सीटवर रुमाल असला तर दिलेलं ॲडिनोसिन बसणार कुठं?

कमी करायची असेल तर

एकदम बंद करू नका. पहिल्या एक-दोन दिवसांत त्रास शिगेला असतो आणि पूर्ण ओसरायला आठ-नऊ दिवस पण लागतात, सलग सुट्टी असल्याशिवाय हे शहाणपणाचं नाही. त्यापेक्षा दर चार दिवसांनी दिवसाच्या एकूण हिशोबातला पाव भाग कमी करा. पहिल्यांदा सगळ्यात उशिराचा कप काढा, कारण त्यानं झोप सुधारते आणि झोप सुधारली की सकाळी तेवढी गरजच लागत नाही. त्या वेळेला हातात काहीतरी पाहिजेच असतं, मी ताक घ्यायला लागलो, उन्हाळ्यात ते तसंही बरं. मग उरलेल्या कपांचा चमचा कमी करा, भरलेल्याचा सपाट, सपाटाचा पाऊण. चिकोरी जास्त असलेल्या पाकिटावर जाणं ही सगळ्यात सोपी युक्ती आहे, घरात कुणाला कळत पण नाही. उपास असेल तर आदल्या तीन-चार दिवसांपासून उतरवत आणा.

कमी करायची नसेल, फक्त रविवारचा ठणका घालवायचा असेल, तर त्याच वेळेला थोडी घ्या, बास. डोकेदुखी एकदम कधीच नव्हती इतकी जोरात आली, किंवा सोबत ताप, उलट्या, नजर अंधूक, बोलताना जीभ अडखळणं असं काही असेल तर मात्र कॉफी-पित्त काही लावत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

माझं सध्या सकाळी साडेसातला एक कप, अकराला शेजारच्या टेलरबरोबर अर्धा, दीडला अर्धा, आणि बंद. सुट्टीच्या रविवारी बायको साडेसातला उठवून हातात अर्धा कप देते, तो पितो आणि परत झोपतो.